ईपेल जोडण्याआधीची तयारी

ईपेल, म्हणजे रेड हॅट आणि तिच्या धर्तीवरच्या लिनक्सला जादा पॅकेजेस पुरवणारी रिपॉझिटरी (रेपो), चालू करायला एक कमांड पुरते, आणि खरी अडचण तीच आहे. हवं असलेलं पॅकेज बेसओएस किंवा ॲपस्ट्रीम या सिस्टिमच्या मूळ रेपोंमध्येच नाही ना, हे आधी डीएनएफ या पॅकेज मॅनेजरच्या सर्चने बघून घ्या. पुष्कळदा ते तिथेच असतं आणि पुढचा खटाटोप वाचतो.

नसेल तर पहिली पसंती ईपेललाच. ती फेडोरा या लिनक्स प्रकल्पाची मंडळी सांभाळतात आणि मूळ पॅकेजांवर कुरघोडी न करणं हा त्यांचा नियमच आहे. पीएचपीची नवी आवृत्ती हवी तर रेमी नावाची रेपो, हार्डवेअरचे ड्रायव्हर हवे तर ईएलरेपो नावाची. मात्र ईएलरेपोचे ड्रायव्हर सिक्युअर बूटवर (सही असलेलंच सॉफ्टवेअर चालू देणाऱ्या मशीनवर) चालवायचे तर त्यांच्या सहीची की आधी नोंदवावी लागते, आणि ती नोंद रीबूट होताना निळ्या स्क्रीनवर पक्की होते. तेव्हा मशीनचा थेट कन्सोल हाताशी ठेवा, नुसतं एसएसएचचं दूरस्थ लॉगिन असून भागत नाही.

ईपेलसोबत सीआरबी ही ईपेलच्या पॅकेजांना लागणारी जोड रेपोही चालू करा. आठव्या आवृत्तीच्या अल्मा आणि रॉकी या रेड हॅटच्या धर्तीवरच्या लिनक्समध्ये तिचंच नाव पॉवरटूल्स, तर खुद्द रेड हॅटवर ती कोडरेडी बिल्डर या नावाने सबस्क्रिप्शन मॅनेजरमधून मिळते. ती राहिली की डिपेंडन्सी (पॅकेजला लागणारं दुसरं पॅकेज) सापडत नाही म्हणून इन्स्टॉल अडतं आणि लोक उगाच ईपेलला नावं ठेवतात. पॅकेजवरची सही तपासणाऱ्या जीपीजी कीचा फिंगरप्रिंट अधिकृत पानाशी ताडून बघा. जीपीजीचेक, म्हणजे सहीची तपासणी, बंद करून काम उरकणं हा पर्याय धरूच नका.

रेपो एरवी बंद ठेवून लागेल तेव्हाच उघडायची, असा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही, कारण मग सुरक्षा अपडेटही येत नाहीत आणि हे कुणाच्या लक्षातही राहत नाही. त्यापेक्षा रेपोच्या फाइलमध्ये इन्क्लूडपीकेजीएसची (includepkgs) ओळ टाकून मोजकी पॅकेजेस, त्यांच्या डिपेंडन्सींसह, मोकळी करा. रेपो एकाहून जास्त असतील तर प्रायॉरिटीही लावा: आकडा जितका लहान तितका मान मोठा, न लिहिल्यास 99.

मग टेस्ट मशीनवर अझ्यूमनो (--assumeno, प्रत्यक्ष बदल न करता दाखवणारा पर्याय) लावून रंगीत तालीम घ्या. समोर येणाऱ्या तक्त्यातला रिपॉझिटरीचा रकाना ओळीओळीने वाचा. अपग्रेडिंगखाली मूळचं एखादं पॅकेज बाहेरच्या रेपोतून येताना दिसलं, तर तिथेच थांबा.

परतीच्या वाटेकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. ईपेलमध्ये साधारणपणे ताजी आवृत्तीच ठेवली जाते. अपडेट बिघडला आणि मागचा बदल उलटवणारं डीएनएफ हिस्टरी अनडू चालवलं, तर पॅकेजची जुनी आरपीएम फाइल रेपोत नसल्याने ते अडतं. म्हणून उतरवलेल्या फाइली जपून ठेवणारी कीपकॅश सेटिंग चालू ठेवा, सर्व्हर बरेच असतील तर रेपोसिंकने स्वतःचा मिरर (रेपोची प्रत) करा आणि त्यातल्या जुन्या फाइली पुसू नका.

या पॅकेजांना रेड हॅटचा सपोर्ट नाही, हे ॲप्लिकेशनवाल्यांना लेखी कळवा. मुदतीही बघा: सेंटओएस 7 चा सपोर्ट 30 जून 2024 ला संपला आणि त्याची ईपेल अर्काइव्हमध्ये गेली. बाहेरून आलेल्या पॅकेजांची यादी फाइलमध्ये काढून ठेवा, पुढच्या मेजर अपग्रेडच्या वेळी पहिल्यांदा तीच मागितली जाते.