गावात कंबर-गुडघ्यांच्या दुखण्याचा सर्व्हे करताय? या चुका टाळा

विदर्भातल्या खेड्यात "काही दुखतं का?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: कंबर आणि गुडघे. काही घरं झाली की सगळे फॉर्म सारखेच दिसायला लागतात. अहवालात "बहुतेकांना सांधेदुखी" एवढंच उरतं. कुणाला काय हवंय, ते कळतच नाही.

चुकीच्या वेळी जाणं

कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी अकराला गावात गेलात, तर म्हातारी माणसं आणि पारावर बसलेले पुरुष भेटतील. पोटाशी ओटी बांधून दिवसभर वाकलेली बाई वावरात असते. यादीत तिच्या नावापुढे "घरी नाही" असं पडतं, आणि खरं तर आपण तिच्यासाठीच आलेलो असतो. संध्याकाळी जा, नाहीतर बाजाराच्या दिवशी. बऱ्याच गावांत त्या दिवशी मजुरीला सुट्टी असते. भंडारा-गोंदियात हाच घोळ धानाच्या रोवणीत होतो, गडचिरोलीत मे महिन्यात तेंदूपानाच्या वेळी. शिबिरात आलेल्यांची संख्या तर गावाची म्हणून धरूच नका. शिबिराला चालता येणारा येतो, खाटेवरचा येत नाही.

छापील प्रश्न जसेच्या तसे विचारणं

सांधे-स्नायूंच्या दुखण्यासाठीची १९८७ची नॉर्डिक प्रश्नावली चांगली आहे. शरीराच्या चित्रावर नऊ भाग दाखवून गेल्या बारा महिन्यांतलं आणि गेल्या सात दिवसांतलं दुखणं ती विचारते. पण "बारा महिन्यांत" म्हटलं की लोक गोंधळतात; "मागच्या पोळ्यापासून" म्हणा. दुखण्याला शून्य ते दहा गुण द्यायला सांगितलं की आजी नुसतीच हसते. रुपयातले किती आणे दुखतं, असं विचारा, ती लगेच सांगेल.

त्याहून मोठी अडचण रोजच्या कामांच्या प्रश्नांची. परदेशी प्रश्नावलीत बाथटबमध्ये आंघोळ करता येते का, असं असतं! आपल्याकडे विचारायचं ते असं: उकिडवं बसता येतं का, मांडी घालून जेवता येतं का, पाण्याने भरलेला गुंड डोक्यावर घेता येतो का, दिवसाची वेचणी पहिल्यापेक्षा किती कमी झाली. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, त्यामुळे हा आकडा बायकांना तोंडपाठ असतो. "दुखते तं दुखते, काम तं करा लागते" म्हणणारी बाई दुखण्याच्या प्रश्नाला नाही म्हणेल, पण किती किलो कमी झाले ते बरोबर सांगेल. गरज मोजायची तर अडलेल्या कामावरून मोजा.

सगळी दुखणी एकाच रकान्यात टाकणं

इथे मी सर्वांत जास्त वेळ घालवीन. विशी-पंचविशीतला मुलगा लंगडतोय, अधूनमधून हाडं ठणकतात असं सांगतोय, तर ती मेहनतीची कंबरदुखी नव्हे. पूर्व विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो आणि त्यात खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून सांधा खराब होऊ शकतो. आजार आधीच निदान झालेला आहे का, हे एकांतात विचारा. शेजाऱ्यांसमोर विचारलं तर त्याच्या लग्नाची गोष्ट अडकते.

यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. दातांवर तपकिरी डाग, आखडलेली मान-पाठ असे लोक एकाच वस्तीत दिसले, तर पाण्याचा नमुना तपासायला द्या. लिटरला १.५ मिलिग्रॅम ही वरची मर्यादा आहे. अशा वस्तीला गोळ्यांपेक्षा आधी दुसरं पाणी लागतं. मनगटं आणि घोटे सुजलेले असतील, तर मागच्या पावसाळ्यात ताप येऊन गेला का ते विचारा. चिकुनगुनियानंतरचं दुखणं महिनोन्‌महिने राहतं.

बायकांच्या कंबरदुखीमागे कधी कधी अंगावरून पांढरं जाणंही असतं. गडचिरोलीतल्या दोन गावांत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग या दाम्पत्याने केलेल्या आणि १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले होते. नवरा किंवा सासू शेजारी बसलेली असताना हे कोण सांगणार? बाईनेच, एकटीला गाठून विचारावं.

उपचार काय चालू आहेत ते न पाहणं

गोळ्यांची पाकिटं मागून बघा. सुई कुठे घेतात, वर्षाला खर्च किती होतो, हाडवैद्याकडे आधी जातात का, तेही लिहा. रोज वेदनाशामक घेणाऱ्यांची यादी वेगळी करा. पोट आणि मूत्रपिंडाचा धोका त्यांना आहे.

आकडे विचित्र आले तर

जवळपास सगळेच "हो" म्हणाले, तर प्रश्न ढिला होता. "गेल्या सात दिवसांत दुखण्यामुळे मजुरी बुडाली का?" असा तो घट्ट करा. बायकांचं दुखणं पुरुषांपेक्षा कमी आलं, तर उत्तर कोणी दिलं ते तपासा. बहुधा घरच्या कर्त्याने.

आणि कंबरदुखीसोबत पायातली ताकद अचानक गेली असेल, मांड्यांच्या मधला भाग बधिर असेल किंवा लघवी अडली वा सुटत असेल, तर फॉर्म बाजूला ठेवा, रुग्णवाहिकेसाठी १०८ला फोन लावा. पाठदुखीबरोबर रोज संध्याकाळी ताप आणि घटतं वजन असेल, तर मणक्याच्या क्षयाची तपासणी त्याच आठवड्यात व्हायला हवी.