संस्था-सूचीत विषय भरायला बसण्याआधी

जिल्ह्यातल्या सेवाभावी संस्थांची दुसरी सूची करायला घेतली आहे. विषय भरायला यावेळी नवी मुलं आहेत, त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतेय. नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक सगळ्यांना जमतं, ते सोडून देते. चूक होते ती विषयाच्या रकान्यात. मागच्या वेळी ती माझ्या हातून झाली आणि तिची झळ भलत्याच माणसाला बसली.

एका संस्थेच्या घटनेत ‘निराधार महिलांसाठी वसतिगृह चालविणे’ असा उद्देश होता. तो वाचून मी ती ‘महिला निवारा’खाली टाकली. वसतिगृह बंद होऊन सहा वर्षं झाली होती, तिथे दुपारी दोन तास शिवणवर्ग भरायचा, एवढंच. सूची निघाल्यावर दोनेक महिन्यांनी एक बाई लहान मुलीला घेऊन शेवटच्या एसटीने तिथे उतरली. हातात आमच्या सूचीतल्या त्या पानाची झेरॉक्स, ‘महिला निवारा’ या शब्दांखाली निळ्या पेनची रेघ. फाटकाला कुलूप. समोरच्या पिठाच्या गिरणीवाल्याने दोघींना आत बसवलं, 181 या महिला हेल्पलाइनला फोन लावून दिला, आणि रात्री उशिरा त्यांची सोय झाली. दुसऱ्या दिवशी त्याने पानावरचा नंबर बघून मला फोन केला. म्हणाला, ‘ताई, इथं आता कोणी राहत नाही हो.’

तेव्हा विषय ठरवण्याआधी फोन. कागद कितीही व्यवस्थित असोत, आधी फोन. ‘तुमची संस्था काय काम करते?’ असं विचारू नका, त्यावर उद्देशच वाचून दाखवतात. विचारायचं ते असं: ‘आज कोणी तुमच्या दारात आलं तर त्याला काय मिळेल?’ आणि मग, ‘गेल्या वर्षभरात किती जणांना मिळालं?’ उत्तर अडखळलं तर तो विषय त्या नोंदीत जाणार नाही. फोन कोणी उचलला आणि कोणत्या तारखेला, हे शेजारच्या रकान्यात लिहा. तारीख नसलेली नोंद मी परत पाठवणार आहे.

घटना वाचा, पण तिच्यावर विसंबू नका. उद्देश मुद्दाम ऐसपैस लिहिलेले असतात. पुढे नवं काम काढायचं झालं तर घटनादुरुस्तीसाठी खेटे घालायला नकोत, म्हणून. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यात तर धर्मादाय हेतू मोजकेच आहेत: गरिबी किंवा संकटातून दिलासा, शिक्षण, वैद्यकीय मदत, मनोरंजनाच्या सोयी आणि सर्वसाधारण लोकोपयोगाचं इतर काहीही. त्या शेवटच्या पोत्यात सगळं मावतं. नोंदणीला तेवढं पुरतं, रात्री आसरा शोधणाऱ्या बाईला पुरत नाही. नीती आयोगाच्या दर्पण या संस्था-नोंदणीच्या पोर्टलवरचे विषय संस्थेने स्वतः निवडलेले असतात, तेही जसेच्या तसे उचलू नका.

नावावरून तर काहीच ठरवू नका. ‘मुक्तांगण’ म्हटलं की पुण्यात 1986 पासूनचं व्यसनमुक्ती केंद्र डोळ्यांपुढे येतं, मुंबईतलं ‘मुक्तांगण’ महापालिकेच्या शाळांमध्ये शिक्षणाचं काम करतं. महर्षी कर्व्यांची संस्था 1896 मध्ये विधवांच्या आश्रमापासून सुरू झाली, आज तिचा मुख्य विषय शिक्षण, अगदी अभियांत्रिकी महाविद्यालयापर्यंत. शेगावचं गजानन महाराज संस्थान ‘देवस्थान’ एवढ्यावर सोडलं तर त्यांचं अभियांत्रिकी महाविद्यालय शोधणाऱ्याला सापडणारच नाही.

काम आणि माणसं वेगवेगळ्या रकान्यांत. ‘महिला’ हा विषय नाही, ‘आदिवासी’ हा विषय नाही, ते ‘कोणासाठी’मध्ये जातं. आश्रमशाळा असेल तर काम ‘निवासी शाळा’, कोणासाठी ‘आदिवासी मुलं’. हे दोन एकत्र केले म्हणून शिवणवर्ग आणि निवारा मागच्या सूचीत एकाच मथळ्याखाली आले. मुख्य विषय एकच ठेवा, फार तर दोन जोडविषय. ‘समाजकार्य’, ‘समाजप्रबोधन’, ‘सर्वांगीण विकास’ हे शब्द दिसले की खोडा आणि पुन्हा फोन करा. कंटाळा येतो, मला माहीत आहे. तरी करा.

दिव्यांगांच्या संस्थांना जास्त वेळ द्या. 2016 च्या कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत आणि आपण सरसकट ‘दिव्यांग’ लिहून मोकळे होतो. स्वमग्न मुलाची आई दोन बस बदलून कर्णबधिरांच्या शाळेत पोहोचली तर तिचा दिवस आपण वाया घालवला. प्रकार लिहा, वयोगट लिहा. लोक अजून ‘मतिमंद’ म्हणून शोधतात, ‘दारू सोडवणे’ म्हणून शोधतात. सूचीत ते शब्द ठेवा आणि पुढे ‘पाहा: बौद्धिक दिव्यांगत्व’, ‘पाहा: व्यसनमुक्ती’ असं द्या.

निवाऱ्याच्या नोंदींना प्रश्न वेगळे. रात्री घेता का? मुलांसकट घेता का? मुलगा असेल तर किती वयापर्यंत? पोलिसांची चिठ्ठी लागते का? ‘हो, घेतो’ एवढ्यावर फोन ठेवू नका. सध्या किती जणी राहतात ते विचारा. एकही नसेल तर शेवटची कधी होती, तेही विचारा.

बाकीचं थोडक्यात. ‘इतर’मध्ये दहाच्या वर नोंदी साचल्या तर नवा विषय काढा. प्रत्येक नोंद दुसऱ्या माणसाने तपासायची. शंका असेल तिथे पेन्सिलने प्रश्नचिन्ह, अंदाजाने काही भरायचं नाही. तीनदा फोन लागला नाही तर प्रत्यक्ष जा, जाणं जमत नसेल तर नोंद वगळा. छपाईच्या आदल्या आठवड्यात निवारा, रुग्णवाहिका आणि रक्तपेढी या तिन्ही विषयांतल्या प्रत्येक नोंदीला पुन्हा फोन, मागच्याच महिन्यात केला असला तरी. निवाऱ्याचे फोन मी स्वतः करणार आहे, त्या पानांना हात लावू नका.