‘सिनेमासारखे’ या शब्दापासून सुरुवात

अमेरिकी लोकसंस्कृतीचा अभ्यास करण्यासाठी मी तिथल्या एका विद्यापीठात दाखल झालो, तेव्हा दहशतवाद आणि आपत्तिपट या विषयावरचा माझा पहिलाच निबंध फसला. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यू यॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांवर झालेल्या विमानहल्ल्यांनी सारे बदलले असे गृहीत धरून मी त्यानंतरचेच चित्रपट निवडले होते. निबंध परत आला तेव्हा समासात एकच प्रश्न होता : ‘आणि त्याआधी?’

त्याआधी पुष्कळ काही होते. १९९६च्या ‘इंडिपेन्डन्स डे’मध्ये व्हाइट हाउस उडाले, १९९८च्या ‘आर्मागेडन’मध्ये न्यू यॉर्कवर उल्का कोसळल्या आणि प्रेक्षकांनी ते करमणूक म्हणून पाहिले. हल्ल्याच्या सकाळी वाचलेल्यांच्या तोंडी ‘अगदी सिनेमासारखे’ हे शब्द वारंवार येतात, कारण शहर कोसळताना कसे दिसते हे त्यांना पडद्यानेच शिकवले होते.

म्हणून नवख्या विद्यार्थ्याने आधी त्या सकाळचे दूरचित्रवाणी प्रक्षेपण सलग पाहावे. इंटरनेट आर्काइव्हवर ते जतन केलेले आहे. पहिले विमान ८ वाजून ४६ मिनिटांनी आदळले, दुसरे ९ वाजून ३ मिनिटांनी. मधल्या सतरा मिनिटांत निवेदक बव्हंशी अपघाताच्या भाषेत बोलतात, विमान लहान असावे असा अंदाज करतात. मी वहीत दोन रकाने पाडून दुसऱ्या विमानाच्या आधीची आणि नंतरची क्रियापदे टिपत गेलो. माझ्या मराठी टिपणांत पहिल्या रकान्यात ‘आदळले’ होते, दुसऱ्यात ‘आदळवले’. निबंधाचा गाभा मला त्या एका अक्षरात सापडला. (तारखांबाबत सावध राहावे : ‘९/११’ म्हणजे आपल्या वाचकाला नऊ नोव्हेंबर वाटू शकते, आणि आपल्या ‘२६/११’चा क्रम नेमका उलटा आहे.)

चित्रपटांकडे त्यानंतर वळावे, आणि काय दाखवले याबरोबर काय काढून टाकले तेही पाहावे. ‘स्पायडरमॅन’च्या एका जाहिरातपटात जुळ्या मनोऱ्यांमधील जाळ्यात हेलिकॉप्टर अडकते, हल्ल्यानंतर तो मागे घेण्यात आला. पुढे विध्वंसाचा पोतच बदलला. आधी दुरून दिसणारे अग्निलोळ होते. २००५च्या ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’मध्ये नायक अंगभर राख घेऊन घरी येतो, तर २००८च्या ‘क्लोव्हरफील्ड’मध्ये सारे काही एका पात्राच्या हातातील थरथरत्या कॅमेऱ्यातून दिसते. दोन्हींत शत्रू परग्रहावरचा किंवा राक्षसी आहे, पण धूळ मात्र त्या सकाळच्या मॅनहॅटनची आहे. कोसळलेल्या मनोऱ्यांच्या जागेला दिलेला ‘ग्राउंड झीरो’ हा शब्दही मुळात अणुबॉम्बच्या स्फोटबिंदूसाठी वापरला जाई, हे बहुतेक अमेरिकी विसरून गेल्यासारखे वाटतात.

माझ्या मते या अभ्यासातील सर्वांत दुर्लक्षित भाग सिनेमाच्या बाहेर आहे. आपत्ती-निवारणाचे काम पाहणारी ‘फेमा’ ही स्वतंत्र संस्था २००३ साली नव्या अंतर्गत सुरक्षा खात्यात विलीन करण्यात आली, म्हणजे पूर आणि वादळे ज्या छताखाली गेली ते दहशतवादाशी लढण्यासाठी उभारलेले होते. ऑगस्ट २००५मध्ये कॅटरिना वादळाने न्यू ऑर्लीन्स बुडाले, तेव्हा सुपरडोम या आसरा म्हणून उघडलेल्या स्टेडियममधील खुनांच्या आणि बचाव हेलिकॉप्टरांवरील गोळीबाराच्या बातम्या पसरल्या. त्यांपैकी बहुतेक पुढे निराधार किंवा अतिरंजित ठरल्या. तेच दोन रकाने पाडून मी त्या आठवड्याची वार्तापत्रे पाहिली. सुरुवातीला छपरावर अडकलेली माणसे ‘वाट पाहत’ होती; चारेक दिवसांत त्याच माणसांच्या वस्तीत सैनिक ‘शिरत’ होते, आणि शहर ‘ताब्यात घेतले’ जात होते.