बोलेरो वाजवायचाय? आधी अंगठा आवरा

बैठकीत कुणी ‘बेसामे मूचो’ या स्पॅनिश भाषेतल्या गाण्याची फर्माईश केली की आपल्याकडच्या गिटारवाल्यांचा हात सवयीने खाली-वर, खाली-वर धावायला लागतो. बोलेरोचा, म्हणजे लॅटिन अमेरिकेतल्या त्या संथ प्रेमगीतांच्या प्रकाराचा, निकाल तिथेच लागतो. म्हणून आधी चाल बाजूला ठेवा आणि नुसता ठेका हातात बसवा.

एक खबरदारी. यूट्यूबवर ‘बोलेरो’ शोधलंत तर फ्रेंच संगीतकार राव्हेलची ऑर्केस्ट्रा रचना समोर येईल. ती तीन ठोक्यांच्या स्पॅनिश नाचावरची. आपल्याला हवाय तो क्यूबाचा, चार ठोक्यांचा आणि संथ. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सांतियागो दे कूबामधल्या गिटारवाल्या गायकांनी तो घडवला, युकातान द्वीपकल्पामार्गे तो मेक्सिकोत उतरला आणि तिथे 1930 मध्ये सुरू झालेल्या एक्सईडब्ल्यू रेडिओने घरोघरी नेला.

आता हात. केरव्याच्या आठ मात्रा मोजा, दोन मात्रांचा एक ठोका, मेट्रोनोम ठोक्याला 80 च्या आसपास. अंगठ्याने जाड तार फक्त पहिल्या, पाचव्या आणि सातव्या मात्रेवर. उरलेल्या मात्रांना बोटांनी बारीक तारा, अगदी हलक्या. तिसरी मात्रा, म्हणजे दुसरा ठोका, येईल तेव्हा अंगठ्याला खाज सुटते. तिथे गप्प बसायचं. पहिला खर्ज घुमत राहतो आणि गायक त्या मोकळ्या जागेत आपली ओळ जरा उशिरा टाकतो. बोलेरोचं लाडिकपण म्हणतात ते हेच. आमच्या ग्रुपमधल्या तबलेवाल्या काकांना मी एवढंच सांगितलं, “काका, डग्ग्यावर एक-पाच-सात, बाकी चाटीवर.” त्यांनी लग्गी लावायचा मोह आवरला आणि गाणं बसलं. माराकास (खुळखुळे) नसतील तर डबीत मूठभर तांदूळ घाला. ती डबी मात्र आठही मात्रा वाजली पाहिजे, न चुकता.

कॉर्ड्‌सची भीती नको. ‘बेसामे मूचो’ डी मायनरमध्ये धरा. डी मायनर, जी मायनर आणि ए सेव्हन सफाईने बदलता आल्या की सुरुवात होते, पुढे डी सेव्हन आणि ई सेव्हन येतात. हे गाणं मेक्सिकोच्या कोन्सुएलो वेलास्केस यांचं, त्या मुळात पियानोवादक. (बोलेरोत बाईने लिहिलेली गाणी बरीच सापडतात. ‘दोस गार्देनियास’सुद्धा क्यूबाच्या इसोलिना कारियो यांचं.)

उच्चारात मराठी माणसाचं काम निम्मं झालेलं असतं. त आणि द आपलेच, दंत्य. इंग्रजी वळणाचे ट-ड आणू नका. प-त-क मध्ये हवा सोडायची नाही. लॅटिन अमेरिकेत झेड हा चक्क ‘स’ आणि एच मुका. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी: एका शब्दाच्या शेवटी स्वर, पुढच्याच्या सुरुवातीलाही स्वर असेल तर दोन्ही एका सुरात उरकतात. ‘मी आल्मा’ (माझा आत्मा) हे गाताना ‘म्याल्मा’ होतं. कागदावरचे शब्द सुटे सुटे म्हटलेत तर अक्षरं जास्त आणि सूर कमी अशी गत होते, आणि माणूस उगाच चालीला दोष देतो.

ऐकताना बोलेरो तीन वेगळ्या गळ्यांत ऐका. त्रिओ लोस पांचोसपासून सुरू करा. 1944 मध्ये न्यूयॉर्कमध्ये जमलेलं हे त्रिकूट, तीन आवाज आणि गिटारी. त्यात जी टोकदार, वरच्या पट्टीतली गिटार सुरुवातीला आणि मध्ये बोलते ती रेकिंतो. त्रिकुटातल्याच आल्फ्रेदो हिल यांनी ती आणली, साध्या गिटारीपेक्षा चौथ्या सुराइतकी वर लावलेली, म्हणजे सा चा म. आपल्याकडे ती मिळणं कठीण. दुसऱ्या गिटारीला पाचव्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, काम भागतं. मग अमेरिकी गायिका एदी गोर्मेने याच पांचोससोबत केलेल्या 1964 च्या रेकॉर्डिंगकडे या. मेक्सिकोचा गायक लुईस मिगेल याचा 1991 चा ‘रोमान्से’ हा अल्बम शेवटी ठेवा. आवाज देखणा आहे, पण व्हायोलिनांचा थर माझ्या मते जरा जास्तच, आणि शिकणाऱ्याला त्यात अंगठा ऐकूच येत नाही.

गाताना हरकती-मुरक्या आवरा. ओळीच्या शेवटच्या सुरावर थोडा कंप चालतो, तानेला जागा नाही.

पहिलं गाणं बसलं की क्यूबाच्या ओस्वाल्दो फार्रेस यांचं ‘किसास, किसास, किसास’ घ्या. त्याचा मुखडा मायनरमध्ये आहे, मधला भाग त्याच षड्जावर मेजरमध्ये उघडतो. कॉर्डमध्ये कोमल गंधार जाऊन शुद्ध येतो, बस. पण हा बदल ए मायनरवरून ए मेजरवर नेताना बहुतेकांचा अंगठा घाबरून दुसऱ्या ठोक्यावर पडतो. तेवढी चार आवर्तनं वेगळी काढून, गाणं न म्हणता, डबीवाल्यासोबत घोटा.