ॲप ट्रेमध्ये असतानाही चालणारा शॉर्टकट कसा बसवायचा

तुमचं ॲप ट्रेमध्ये, म्हणजे खाली घड्याळाशेजारी लपलेलं आहे, वापरणारा दुसऱ्याच प्रोग्रॅममध्ये टाइप करतोय, आणि त्याने कंट्रोल-ऑल्ट-बी दाबल्याबरोबर तुमची विंडो समोर यायला हवी. विंडोजवर, सी-शार्प भाषेत आणि विनफॉर्म्समध्ये (विंडोजच्या खिडक्या बनवायची लायब्ररी) हे कसं करायचं ते सांगतो.

आधी एक सल्ला डोक्यातून काढून टाका. ‘कीबोर्ड हुक लाव, सगळं पकडता येतं’ असं कोणी ना कोणी सांगतंच. हुक म्हणजे दाबलेली प्रत्येक की आधी तुमच्या कोडकडे आणणारी सोय. सगळं पकडता येतं, हाच त्याचा दोष आहे. एका शॉर्टकटसाठी लोकांचे पासवर्डसुद्धा तुमच्या कोडमधून जाणार. तुमचा कोड रेंगाळला तर अख्ख्या मशीनवरचं टायपिंग अडखळतं, आणि विंडोज ७ पासून तर असा रेंगाळणारा हुक सिस्टिम न सांगता काढून टाकू शकते. यासाठी विंडोजचं स्वतःचं फंक्शन आहे, रजिस्टरहॉटकी. तेच वापरा.

जोडी निवडताना कंट्रोल-ऑल्ट आणि आकडा टाळा. इंग्लिश (इंडिया) कीबोर्डवर कंट्रोल-ऑल्ट-४ दाबलं की ₹ उमटतो. तुम्ही ती जोडी घेतलीत की त्या मशीनवर कोणालाच तसा ₹ टाइप करता येणार नाही. नुसतं एफ१२ डीबगरसाठी (कोडमधल्या चुका शोधायचं साधन) राखीव आहे आणि विंडोज-की सिस्टिमची आहे, दोन्हींना हात लावू नका. सेटिंगमध्ये शॉर्टकट बदलायची सोय द्याच.

फंक्शनला चार गोष्टी द्यायच्या: विंडोचं हँडल (विंडोजने त्या विंडोला दिलेला ओळख-आकडा), हॉटकी ओळखायला तुमचा एक नंबर, मॉडिफायर (सोबत दाबायच्या कंट्रोल, ऑल्टसारख्या की) आणि मुख्य की. ऑल्ट १, कंट्रोल २, दोन्ही मिळून ३. त्यात हेक्स (सोळाच्या पायातला आकडा) ४००० मिळवा, नाहीतर बोट दाबून ठेवलं की विंडोजकडून येणाऱ्या मेसेजांची रांग लागते. बी या कीचा नंबर ६६.

उत्तर ‘फॉल्स’ आलं तर एरर नंबर बघा. १४०९ म्हणजे ती जोडी दुसऱ्या प्रोग्रॅमने आधीच घेतली आहे. वापरणाऱ्याला तसं स्पष्ट सांगा. १४०८ म्हणजे विंडो एका थ्रेडची (प्रोग्रॅममधली कामाची एक स्वतंत्र धार) आणि तुम्ही रजिस्टर करताय दुसऱ्या थ्रेडवरून.

शॉर्टकट दाबला की विंडोज तुमच्या विंडोला मेसेज पाठवतं. तो पकडायला वंडप्रॉक (विंडोचे मेसेज जिथे येतात ते फंक्शन) ओव्हरराइड करा, म्हणजे त्याच्या जागी स्वतःचं लिहा. मेसेज हेक्स ०३१२ आहे का बघा, आणि त्याच्यासोबत येणाऱ्या डब्ल्यूपॅरममधला नंबर तुमच्या नंबराशी ताडून घ्या. झालं.

आता खरी अडचण. एका औषधांच्या दुकानासाठी मी बिलाचं ॲप केलं होतं. दुकानदारांचा फोन आला, “सकाळी चालतं हो, नंतर बटणं दाबली तरी काही येत नाही.” माझ्याकडे मात्र रोज व्यवस्थित चालत होतं. दोन दिवस मी १४०९ शोधत बसलो, आणि रजिस्टरहॉटकी प्रत्येक वेळी ‘ट्रू’च देत होतं. शेवटी फॉर्मवर एक लेबल टाकलं आणि त्यात हँडलचा आकडा छापला. ॲप ट्रेमध्ये पाठवलं, परत उघडलं. आकडा बदललेला!

मिनिमाइझ करताना मी शोइनटास्कबार ‘फॉल्स’ करत होतो. ही एक ओळ चालली की विनफॉर्म्स जुनी विंडो मोडून नवी तयार करतं. फॉर्मचा ऑब्जेक्ट तोच, व्हेरिएबल्स तीच, स्क्रीनवर काहीच वेगळं दिसत नाही. पण हॉटकी जुन्या हँडलला बांधलेली होती, ती त्याच्याबरोबर गेली. माझ्या टेबलावर टेस्ट करताना मी ॲप कधी ट्रेमध्ये पाठवतच नव्हतो.

म्हणून कन्स्ट्रक्टरमध्ये किंवा फॉर्म-लोडमध्ये रजिस्टर करू नका. बहुतेक नमुना कोडमध्ये तसंच असतं आणि तो चुकीचा आहे. हँडल तयार झाल्यावर चालणारं ऑनहँडलक्रिएटेड ओव्हरराइड करा, आधी बेसला (विनफॉर्म्सच्या मूळ फंक्शनला) कॉल, मग रजिस्टर. हँडल जाताना चालणाऱ्या ऑनहँडलडिस्ट्रॉइडमध्ये उलट: आधी अनरजिस्टर, मग बेस. विंडो कितीही वेळा नव्याने तयार झाली तरी शॉर्टकट तिच्याबरोबर राहतो. टायमर लावून दर मिनिटाला पुन्हा रजिस्टर करायचा सल्लाही मला मिळाला होता. तसलं काही करू नका. मूळ चूक तशीच राहते आणि मधल्या मिनिटात शॉर्टकट मेलेलाच असतो.

हल्ली मी त्याहून पुढे जातो. हॉटकीसाठी नेटिव्हविंडो या विनफॉर्म्सच्या क्लासने एक वेगळी, न दिसणारी विंडो बनवतो. फॉर्मचं काहीही होवो, तिचं हँडल ॲप बंद होईपर्यंत तेच राहतं.

मेसेज आल्यावर विंडो लपलेली किंवा मिनिमाइझ असेल तर आधी ती उघडा, मग पुढे आणायला सेटफोरग्राउंडविंडो हे फंक्शन पुरेसं आहे. एरवी विंडोज मागच्या ॲपला पुढे येऊ देत नाही, पण हॉटकी दाबली गेली की तेवढ्यापुरती परवानगी मिळते. त्यामुळे हा कॉल मेसेज आल्याआल्या करा, आधी डेटाबेस उघडत बसू नका.

दुकानात देण्यापूर्वी ॲप दहा वेळा ट्रेमध्ये पाठवून परत आणा आणि प्रत्येक वेळी शॉर्टकट दाबून बघा. मग स्क्रीन लॉक करून उघडा, मशीन झोपवून उठवा, आणि पुन्हा दाबा.