डास आणि गोचीड: डंखाआधीच्या आणि डंखानंतरच्या या चुका टाळा

मृगाचा पाऊस सुरू झाला की कोल्हापुरात घरोघरी कॉइल पेटू लागतात. आपली बहुतेक सगळी खबरदारी डास कानाशी गुणगुणू लागल्यानंतर किंवा गोचीड अंगाला चिकटल्यानंतर सुरू होते, आणि माझ्या मते मूळ चूक हीच आहे. डेंग्यू आणि चिकुनगुनिया पसरवणारा एडिस डास आपल्याच घरातल्या पाण्यात जन्म घेतो, तर जनावरांवरच्या गोचिडीची पुढची पिढी गोठ्याच्या भिंतीत वाढते. बंदोबस्त तिथेच करावा लागतो.

ज्या भागात पाणी दिवसाआड येते, तिथे पिंपे, बॅरल आणि सिमेंटचे हौद भरून ठेवण्यावाचून इलाज नसतो. आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळावा हे आता सर्वांना माहीत आहे, परंतु अनेक घरांत पिंप केवळ पालथे करून लगेच पुन्हा भरले जाते. एडिसची मादी पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर भिंतीवर अंडी चिकटवते; ती पाणी ओतून देण्याने निघत नाहीत आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात, त्यामुळे पिंप पुन्हा भरताच त्यांतून अळ्या बाहेर पडतात. म्हणून भांडे रिकामे केल्यावर आतली बाजू काथ्याने किंवा ताठ ब्रशने खसखसून घासणे हाच या कामाचा गाभा आहे. अंड्यापासून उडता डास होण्यास साधारण सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याची मुदत महत्त्वाची ठरते. जो हौद रिकामा करता येत नाही, त्यात गप्पी मासे सोडावेत. पिंपावर नुसते झाकण टेकवून ठेवू नये, कारण बोटभर फट डासाला पुरेशी असते. वरून कापड ताणून दोरीने बांधणे अधिक खात्रीचे.

डेंग्यूचा रुग्ण सापडला की दोष थेट शहरातून वाहणाऱ्या जयंती नाल्याला दिला जातो. नाल्याची स्वच्छता अवश्य व्हावी, पण घाण पाण्यात वाढणारा डास मुख्यतः क्युलेक्स असतो. तो रात्री चावतो आणि हत्तीरोग पसरवू शकतो. एडिसला साचलेले, बऱ्यापैकी स्वच्छ पाणी लागते. ते फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये, कुंडीखालच्या ताटलीत, पत्र्यावर वजन म्हणून ठेवलेल्या टायरमध्ये आणि गुऱ्हाळाचा हंगाम संपल्यावर उघड्यावर राहिलेल्या काहिलीतही मिळते. हा डास फार दूर उडत जात नाही, त्यामुळे त्याचा शोध स्वतःच्या आणि शेजारच्या अंगणापासून घ्यावा.

धूर फवारणीची गाडी गल्लीतून गेली म्हणजे काम झाले, असे समजणेही चुकीचे आहे. धुराने त्या वेळी उडत असलेले डास मरतात. पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात.

मच्छरदाणी केवळ रात्रीपुरती वापरणे ही आणखी एक चूक. मलेरियाचा अ‍ॅनोफिलीस रात्री चावतो, पण एडिस दिवसा, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्तापूर्वीच्या तासांत चावतो. तान्ह्या बाळाला दुपारी झोपवतानाही मच्छरदाणी लावावी आणि मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. उघड्या त्वचेवर डीट किंवा पिकारिडिन हे डास दूर ठेवणारे रसायन असलेले मलम लावावे. दोन महिन्यांखालील बाळाला मात्र असे मलम लावू नये. बंद खोलीत रात्रभर कॉइल जाळल्यास तिचा धूर घरातल्यांच्याच फुफ्फुसांत जातो.

गोचिडीच्या बाबतीत चुका अधिक गंभीर असतात, कारण तिच्याकडे केवळ जनावरांचा त्रास म्हणून पाहिले जाते. ताज्या दुधासाठी म्हैस पाळणाऱ्या आपल्या जिल्ह्यात धार काढता काढता गोचीड उपटून बोटांनी चिरडण्याची किंवा उकिरड्यावर टाकण्याची सवय दिसते. चिरडलेल्या गोचिडीतील रक्तातून जंतू हातावरच्या जखमेत शिरू शकतात. क्रिमियन-काँगो रक्तस्रावी ताप हा त्याच प्रकारे पसरू शकणारा आजार आहे. रक्त पिऊन फुगलेली मादी जमिनीवर पडली, तर ती हजारो अंडी घालते. हातमोजे घालून गोचीड काढावी आणि साबणाच्या पाण्याच्या डब्यात टाकून मारावी. जनावराला औषध लावून गोठा तसाच सोडला, तर भिंतीच्या भेगांतून आणि गव्हाणीच्या कडांतून गोचीड पुन्हा चढते, म्हणून भेगा लिंपून घ्याव्यात आणि औषधाचे प्रमाण पशुवैद्यकाला विचारूनच ठरवावे.

आजरा आणि चंदगडच्या काजूबागांत किंवा जंगलात काम करणाऱ्यांनी गोचिडीमार्फत पसरणाऱ्या माकडतापाचाही विचार करावा. १९५७ मध्ये कर्नाटकातील क्यासनूर जंगलात आढळलेला हा आजार २०१६ मध्ये चंदगडला लागून असलेल्या दोडामार्ग तालुक्यात पसरला होता. डिसेंबर ते मे या काळात त्याचा धोका अधिक असतो. पाचोळ्यावर बसू नये, पायमोज्यांत विजार खोचावी, घरी येताच कपडे गरम पाण्यात टाकून साबणाने अंघोळ करावी आणि कानांमागे, काखेत, कमरेभोवती, जांघेत व गुडघ्यांमागे नीट तपासावे. मेलेले माकड दिसल्यास जवळ न जाता वनखात्याला कळवावे.

अंगाला चिकटलेल्या गोचिडीवर रॉकेल ओतणे किंवा तिला चटका देणे टाळावे, कारण त्रासलेली गोचीड जखमेत अधिक लाळ सोडू शकते. चिमट्याने तिला त्वचेलगत धरून, न पिळता सरळ वर ओढावे आणि मग जागा साबणाने धुवावी. पुढच्या काही दिवसांत ताप आल्यास गोचीड चावल्याचे डॉक्टरांना आपणहून सांगावे.

पावसाळ्यातल्या तापावर मनाने आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिन घेऊ नये; डेंग्यू असल्यास त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल घ्यावे. डेंग्यूच्या रक्ततपासणीची वेळही महत्त्वाची असते: पहिल्या पाच दिवसांत विषाणूचे प्रथिन शोधणारी एनएसवन, तर त्यानंतर शरीरातली प्रतिपिंडे शोधणारी आयजीएम चाचणी अधिक उपयोगी पडते. ताप उतरला म्हणून निर्धास्त होणे सर्वांत धोक्याचे, कारण डेंग्यूची गुंतागुंत बहुधा त्याच सुमारास, तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान उद्भवते. पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, अस्वस्थता किंवा लघवी कमी होणे यांपैकी काहीही दिसले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णाला त्याच रात्री रुग्णालयात न्यावे.