सुखलोकावर तासाभराचा अभ्यास कसा घ्यावा

घरच्या प्रार्थनासभेत स्वर्गावर बोलायचं ठरलं की अनेकजण थेट प्रकटीकरणातल्या (बायबलच्या शेवटच्या पुस्तकातल्या) सोन्याच्या रस्त्यापासून सुरुवात करतात. तसं करू नका. ऐकणाऱ्यांच्या मनात सोनं आणि मोतीच राहतात, प्रभू मागे पडतो.

आधी दहा मिनिटं उत्पत्ती २:८-१७ आणि ३:२२-२४ वाचा. मराठी बायबलातल्या ‘सुखलोक’ या शब्दामागचा ग्रीक शब्द ‘पारादेइसोस’ मूळचा प्राचीन इराणी आहे. त्याचा अर्थ भिंतीनं वेढलेली जागा, म्हणजेच राखलेली बाग. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात एदेन बागेला हाच शब्द वापरला आहे. नव्या करारात तो तीनदाच येतो: लूक २३:४३, २ करिंथ १२:४ आणि प्रकटीकरण २:७. तिन्ही वचनं फळ्यावर लिहून ठेवा.

मग लूक २३:३९-४३. याला पंचवीस मिनिटं द्या, कारण अभ्यासाचा गाभा इथेच आहे. मराठी कानाला ‘स्वर्ग’ म्हटलं की पुण्याचा हिशेब आठवतो, आणि पुण्य सरलं की परत यावं लागतं. येशूशेजारी वधस्तंभावर खिळलेल्या या गुन्हेगाराकडे पुण्य नव्हतं आणि ते जोडायला वेळही उरला नव्हता. येशूकडे त्यानं फक्त ‘माझी आठवण करा’ एवढंच मागितलं. ‘त्यानं काय मागितलं आणि त्याला काय मिळालं?’ असं विचारा आणि अर्धा मिनिट गप्प राहा. घाईनं उत्तर देऊन टाकू नका. त्यानं मागितली होती पुढे केव्हातरी आठवण. येशू म्हणाला, ‘मी तुला खचीत सांगतो, आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील.’ म्हणजे मिळालं ‘आज’ आणि ‘माझ्याबरोबर’. सुखलोकाचं सगळं सुख या ‘माझ्याबरोबर’मध्ये आहे.

‘आज’ हा शब्द ‘सांगतो’ला जोडायचा का, म्हणजे ‘मी तुला आज सांगतो’ असं वाचायचं का, असं कुणी विचारेल. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत आजच्यासारखी विरामचिन्हं नव्हती, हे खरं. पण मार्क १४:३० काढून दाखवा: ‘मी तुला खचीत सांगतो’नंतर तिथेही ‘आज’ येतो, आणि तो पुढे घडणाऱ्या गोष्टीचाच आहे.

इथेच थांबलात तर आत्मा वर गेला आणि संपलं, असा समज होतो. शोकसभांतून तेवढंच कानावर पडत असल्यानं तो पक्का बसलेला असतो. म्हणून पुढची दहा मिनिटं फिलिप्पै १:२३ आणि १ करिंथ १५:२०-२३ एकत्र वाचा. मरणानंतर ख्रिस्ताजवळ असणं ही आशा आहेच, पण देहाचं पुनरुत्थान अजून व्हायचं आहे.

शेवटची पंधरा मिनिटं प्रकटीकरण २१:१-४ आणि २२:१-५. नवं यरुशलेम, म्हणजे देवाची नगरी, स्वर्गातून खाली उतरतं, हे बोट ठेवून दाखवा. एदेनमध्ये करुबांनी (देवाच्या स्वर्गीय रक्षकांनी) आणि ज्वालारूप तलवारीनं ज्या झाडाची वाट अडवली होती, ते जीवनाचं झाड इथे नदीकाठी उभं आहे. बारा फळं, आणि पानं राष्ट्रांच्या आरोग्यासाठी.

सभेत नुकतंच कुणी गमावलेलं माणूस असेल तर त्याला ‘रडू नका’ म्हणू नका. १ थेस्सल ४:१३ शोक करायला मनाई करत नाही. आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका, एवढंच सांगतं. मित्र लाजर मेला तेव्हा त्याच्या कबरेकडे जाताना येशूही रडला. अमका तिथे पोहोचला, तमका नाही, असा निवाडा तर मुळीच नको. आणि प्रकटीकरण २१:४ मधलं, देवाविषयीचं ‘तो त्यांच्या डोळ्यांचे सर्व अश्रू पुसून टाकील’ हे वचन त्या माणसाला वाचायला देऊ नका. मध्येच आवाज अडतो. शेजारी बसलेल्यानं ते सावकाश वाचावं.